देवघरातला ओटीपी

सोमनाथ सरांच्या घरात अंघोळ केल्याशिवाय ओटीपी मिळत नाही. हसू नका, खरंच नाही मिळत. ज्या फोनवर तो येतो तो बटणांचा जुना फोन देवघरात असतो, गणपती आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध, आणि उज्वलाबाईंच्या देवघरात पारोशानं हात घालायची त्या घरात कुणाची टाप नाही. फोन तिथेच का? तर गंगापूर रोडवरच्या त्या अख्ख्या फ्लॅटमध्ये त्याच्या सिमला तेवढ्याच एका कोपऱ्यात रेंज येते. सरांनी हॉल बघितला, बाल्कनी बघितली, बाथरूममध्ये स्टुलावर चढूनसुद्धा बघितलं. शेवटी उज्वलाबाई म्हणाल्या, "देवाला जिथून पोचतं तिथून कंपनीलाही पोचेल." आणि पोचलं! तेव्हापासून रोज देवांना गंध लावताना त्या फोनलाही एक बोट लावतात. त्यामुळे त्याचं पाचाचं बटण जरा चिकटतं, पण भक्तीपुढे बटण काय चीज आहे.

सिम सायलीचं. सायली म्हणजे सरांची थोरली. नर्सिंग केलं, जर्मन शिकली, आणि आता जर्मनीतल्या एका एवढ्याशा गावात हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगला आहे. ती तिकडे आणि तिचं सिम इकडे, ही अक्कल खालच्या मजल्यावरच्या धोंडीराम काकांची. काका रिटायर झाल्यापासून बिल्डिंगला मोफत सल्ला देतात. नाही घेतला तरी देतात.

"सिम इथंच ठेवा सर," पेढा तोंडात टाकता टाकता ते म्हणाले होते. "तिकडं नेलं ना, रोमिंगमध्ये फ्लॅट विकावा लागेल. माझ्या साडूच्या पुतण्याचं काय झालं माहितीये ना?"

साडूच्या पुतण्याचं काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं, बहुतेक काकांनाही नव्हतं, पण सगळे घाबरले. सिम राहिलं. म्हणजे खातं नाशिकच्या बँकेत, कार्ड जर्मनीत सायलीच्या पर्समध्ये, आणि त्या कार्डाची किल्ली गणपतीच्या डाव्या हाताला. तिकडचं खातं उघडावं, तर त्याला पत्त्याच्या नोंदीचा कागद लागतो, नोंदीला तिथल्या ऑफिसची वेळ लागते आणि वेळ मिळाली ती पुढच्या महिन्यातली.

"म्हणजे आपल्यासारखंच आहे की," सर म्हणाले, आणि त्यांना जर्मनीबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

आता सरांबद्दल थोडं. सर मराठी शाळेत गणित शिकवतात आणि आकडे मराठीतच बोलतात. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, पाहुण्यांना, सगळ्यांना. फोन नंबर सांगायचा तर जोडीजोडीनं, चौऱ्याण्णव, बावीस, सदुसष्ट, अशा थाटात की ऐकणारा तिसऱ्या जोडीलाच पेन खाली ठेवतो. सुटे आकडे सांगणं सरांच्या मते बालवाडीचं काम. आणि ओटीपीच्या मेसेजात 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' असं लिहिलेलं असतं, ते सर मनावर घेतात. त्यामुळे मुलीला ओटीपी सांगताना ते आधी खिडकी लावतात, मग हळू आवाजात, चोरी केल्यासारखं तोंड करून सांगतात. लिहून तर मुळीच पाठवत नाहीत. लेखी म्हणजे पुरावा!

गुरुवारी संध्याकाळी सायलीचा फोन आला.

"पप्पा, कार्डाचा परदेशातला वापर बंद पडलाय. ॲपमधून चालू करतेय, ओटीपी येईल. जरा लवकर हं, कारण शनिवारी संध्याकाळी इथली दुकानं बंद झाली की थेट मंगळवारी उघडतात. रविवारी इथे तसंही सगळं बंद, आणि सोमवारी यांचा सण आहे. कँटीनही बंद. माझ्याकडे अर्धा ब्रेड आणि चिल्लर उरलीये."

यातलं उज्वलाबाईंना फक्त 'अर्धा ब्रेड' ऐकू आलं. त्या क्षणापासून त्यांच्यासाठी हा बँकेचा विषय राहिलाच नाही, दुष्काळाचा झाला.

सरांनी हातपाय धुतले, खिडकी लावली, देवघरात वाकले. फोन टुणकन वाजला.

"एकोणसाठ," सर कुजबुजले, "बावीस, चौतीस."

"चुकीचा दाखवतंय, पप्पा."

"चुकीचा कसा? बँकेनं पाठवलाय. परत मागव."

परत आला. "एकोणऐंशी, चाळीस, सतरा."

"नाही घेत!"

"अगं नीट टाक. घाई नको. एकेक जोडी."

तिसऱ्यांदा आला, "एकोणतीस, अडुसष्ट, अकरा," आणि तिसऱ्यांदा चुकला. मग देवघरातल्या फोनवर एक लांबलचक मेसेज आला की सुरक्षेच्या कारणास्तव आपलं कार्ड आणि ॲप दोन्ही बंद करण्यात आलं आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

"आभार कसले मानतायत मेले!" उज्वलाबाई कडाडल्या.

मग सुरू झालं संशोधन. उज्वलाबाईंचं म्हणणं, सरांच्या तोंडात बडीशेप होती. सरांचं म्हणणं, रेंज. धाकटी तेजल, दहावीतली, म्हणाली, "पप्पा, इंग्लिशमध्ये सांगितलं असतं तर?" त्यावर सरांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुस्तक शोधायला आत गेली. "सायली गणिताच्या मास्तरची पोर आहे," सर मागून म्हणाले. "तिला एकोणसाठ कळत नाही असं म्हणायचंय का तुला?"

आवाज ऐकून धोंडीराम काका चहाच्या वेळेला बरोब्बर वर आले. "हॅकर!" ते म्हणाले. "सरळ हॅकर आहे, सर. एक काम करा. चिवड्याच्या पुड्यात नोटा घाला आणि कुरिअर करा."

"मंगळवारच्या आत जर्मनीत चिवडा पोचतो का?"

"चिवडा नाही पोचत. लाडू पोचत असतील."

लंकाबाई, म्हणजे सरांच्या मोठ्या बहीण, गुडघे दाखवायला नामपूरहून आलेल्या होत्या. पोथी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पोर उपाशी शे का?"

"उपाशी नाही गं, ताई. कार्ड बंद पडलंय."

"मग तठे कांदास्ना आडत्या नही का कोनी?"

लंकाबाईंचा साधा हिशेब होता. नामपूरच्या मार्केटातल्या आडत्यानं लासलगावच्या आडत्याला फोन केला की तिथे माणसाला हातात पैसे मिळतात. मग जर्मनीत कांदा खात असतील तर आडत्या असणारच, आणि आडत्या असेल तर तो नामपूरच्या आडत्याला ओळखत असणारच. यात चूक कुठे आहे हे सरांना पाच मिनिटं सापडेना.

"शेजारणीकडून वाटीभर तांदूळ आण," उज्वलाबाईंनी फोनवर सांगून बघितलं.

"आई, मागितलं तर देतील गं. पण मला नाही मागायचं," सायली म्हणाली. "दोनच महिने झालेत. 'ती इंडियन, तिच्याकडे पैसे नसतात,' असं नाव नको पडायला."

तिचा हा ताठा कुठून आला ते सरांना माहीत होतं. अगदी त्यांच्यासारखीच मान वळवून ती हे बोलत असणार. शनिवार संध्याकाळच्या आत हे कार्ड उघडायचं, आणि ते मीच उघडणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सिम कुणाच्या भरवशावर ठेवून गेली होती ती?

शुक्रवारी सर अर्धी रजा टाकून बँकेत गेले. शनिवार चौथा, म्हणजे बँक बंद, म्हणजे जे काही करायचं ते आजच. बरोबर धोंडीराम काका. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या, आणि नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या.

"खातेदारांना यावं लागेल, सर."

"ती जर्मनीत आहे."

"मग आल्या की या."

"आली की कशाला येऊ? आली की जेवेलच ना ती घरी!"

मॅडमनी समजून घेत मान हलवली. "नाहीतर त्यांना रजिस्टर्ड नंबरवरून कस्टमर केअरला फोन करायला सांगा. उद्याही चालू असतं."

"तो नंबर माझ्याकडे आहे."

"त्या जर्मनीत आणि नंबर तुमच्याकडे?" मॅडमचा चेहरा बदलला. "मग ओटीपी कोण सांगत होतं?"

इथे सरांनी काहीतरी गोलगोल बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. पण ज्या माणसानं बत्तीस वर्षं पोरांना 'खरं बोला' सांगितलं त्याला गोल फक्त कंपासनं काढता येतं. "मी," सर म्हणाले.

"सर! ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो!" मॅडम काळजीनं म्हणाल्या, पण आवाज जरा मोठाच लागला. रांगेतले सगळे वळले. सरांच्या बरोब्बर मागे भिंतीवर पोस्टर होतं, त्यात काळा चष्मा घातलेला एक चोर ओटीपी विचारत होता, आणि देवाशप्पथ, मिशी सेम होती. रांगेत सरांचे दोन माजी विद्यार्थी होते. त्यातला एक, आयुष, गणितात सात वेळा कान पिरगाळून घेतलेला, पुढे येऊन अत्यंत आदरानं म्हणाला, "सर, काही मदत लागली तर सांगा हं. सायबर सेलमध्ये ओळख आहे आपली."

"अहो, सर तसे नाहीयेत!" काका सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं ओरडले. "मी ओळखतो यांना! पहिल्यांदाच केलंय त्यांनी हे!"

परत येताना काका स्कूटरवर मागे बसले होते. कॉलेज रोडच्या सिग्नलला काका म्हणाले, "मनावर घेऊ नका, सर, लोक आठ दिवसांत विसरतात." त्यावर सरांनी हिरवा व्हायच्या आतच स्कूटर काढली, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रश्न असा होता: फोन इथून जायला हवा, आणि आवाज तिथून यायला हवा. तेजल म्हणाली, "मी बोलू ताईसारखी? आमचा आवाज सेम आहे."

"खोटं बोलायचं नाही," सर म्हणाले. कालच्या बँकेतल्या प्रकारानंतर तर ते दूधवाल्याशीसुद्धा जपून बोलत होते.

"मग खरी ताईच बोलेल. थांबा." तेजलनं स्वतःच्या फोनवरून सायलीला व्हॉट्सॲप कॉल लावला आणि स्पीकर चालू केला. देवघरातल्या फोनचाही स्पीकर चालू केला. मग एक फोन सुलटा, एक उलटा, याचं तोंड त्याच्या कानाशी आणि त्याचं तोंड याच्या कानाशी असे धरले. एवढं सोप्पं! पण रेंज फक्त देवघरात, म्हणून सर पाटावर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांत ते दोन फोन समोरासमोर धरले. मागे उज्वलाबाई, तेजल, दारात काका. लंकाबाईंनी चष्मा लावून एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "अंतरपाट कोठे शे?"

सरांनी नंबर लावला. मराठीसाठी पाच दाबा, असं मशीन म्हणालं. सरांनी अभिमानानं पाच दाबलं. गंधानं चिकटलेलं बटण दोनदा दाबलं गेलं आणि पलीकडची बाई कन्नडमधून धडाधडा बोलायला लागली. पुन्हा लावला. या वेळी उज्वलाबाईंनी पदरानं आधी बटण पुसलं.

"नमस्कार, आपणांस मी कशा प्रकारे साहाय्य करू शकते?"

"हाई बाई कोन शे? कीर्तनकार का?" लंकाबाईंनी मोठ्यांदा विचारलं.

"शूऽऽ!"

"मॅडम, आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा येत आहे," बाई म्हणाल्या.

"मी जर्मनीत आहे," सायली तिकडून म्हणाली. तेही खरंच होतं. सरांच्या कपाळावर घाम आला होता, पण हात हलवायचा नव्हता. हात हलला की मुलगी तुटणार.

नाव झालं. आईचं नाव झालं. वडिलांचं नाव विचारल्यावर सर सवयीनं स्वतःच म्हणाले, "सोमनाथ."

"मागून कोण बोलत आहे?"

"पप्पा आहेत."

"कृपया त्यांना खोलीबाहेर जायला सांगा. ही माहिती गोपनीय आहे."

आता बाहेर कसं जाणार? फोन त्यांच्याच हातात. सरांनी असहायपणे गणपतीकडे बघितलं आणि श्वास रोखला. तांत्रिकदृष्ट्या ते खोलीत नव्हतेच, असं समजा.

"आपली जन्मतारीख?"

"ट्वेंटी-नाइन्थ ऑगस्ट."

"धन्यवाद. म्हणजे एकोणतीस ऑगस्ट, बरोबर?"

"नाही नाही, एकतीस नाही. ट्वेंटी-नाइन."

"मी एकोणतीसच म्हणाले, मॅडम."

"अहो तेच, थर्टी-वन नाहीये माझी!"

"मॅडम, आपण आपली जन्मतारीख नाकारत आहात का?" बाईंचा आवाज सावध झाला.

सरांनी रोखलेला श्वास सोडला. खोलीत आहोत की बाहेर ते विसरून त्यांनी विचारलं, "सायली, एकोणतीस म्हणजे किती गं?"

"थर्टी-व..." ती थांबली. मग हळूच आलं, "अय्या. पप्पा. मी तिन्ही ओटीपी तसेच टाकले."

आणि मग ती भडाभडा बोलायला लागली. तिकडे दिवसभर औषधांचे डोस, खोल्यांचे नंबर, पेशंटचं वजन, सगळं जर्मनमध्ये. आणि जर्मनमध्ये आधी सुटा आकडा, मग 'उंड', मग दशक. एकसष्ट म्हणजे आइन-उंड-झेख्त्सिष. एक आणि साठ. "तुम्ही एकोणसाठ म्हणालात ना, माझ्या कानानं एक-उंड-साठ ऐकलं. मी एकसष्ट टाकलं. एकोणऐंशीला एक्याऐंशी टाकलं. मला कळलंच नाही, पप्पा! आणि तुमच्या प्रत्येक ओटीपीत एक एकोण!"

"मॅडम," कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं ते कीर्तन पहिल्यांदाच गळून पडलं होतं. "माझ्या मुलीलाही एकोण कळत नाही हो. ती कुठे गेलेलीपण नाही. थांबा, करते मी." दोन प्रश्न आणखी विचारून त्यांनी कार्ड आणि ॲप उघडलं. "आता ॲपमधून परदेशातला वापर चालू करा, एक ओटीपी येईल. या वेळी चुकला तर मात्र मी काही करू शकणार नाही."

फोन टुणकन वाजला. सरांनी बघितलं. ७९४९३९.

देवाची पण कमाल असते हं. तीन जोड्या, तीनही एकोण.

"एको..." सर सुरू झाले आणि चार माणसं एकदम "ओऽऽ!" करून ओरडली. सरांना खिडकी लावायची आठवण झाली नाही, आवाज हळू करायचीही नाही. बालवाडीतल्या पोराला शिकवावं तसं, एकेका आकड्यावर बोट ठेवून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सात! नऊ! चार! नऊ! तीन! नऊ!"

"झालं!" सायली किंचाळली. "झालं, पप्पा! पळते मी, एटीएम कोपऱ्यावर आहे!"

थोड्या वेळानं देवघरातल्या फोनवर पैसे काढल्याचा मेसेज आला. उज्वलाबाईंनी घंटा वाजवली. मग सायलीनं दुकानातून व्हिडिओ कॉल करून पिशवी दाखवली: तांदूळ, दही, ब्रेड, कांदे. लंकाबाईंनी कांद्याचा भाव विचारला, रुपयांत करून घेतला, आणि दोनदा हिशेब केला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "सोमनाथ, आडत तठेच टाकनी पडी."

सगळे आनंदात होते. सर सोडून. म्हणजे तेही हसले, काकांना चहा दिला, पण संध्याकाळी बाल्कनीत उभे राहिले ते उभेच. काकांनी खालच्या बाल्कनीतून मान वर केली. "काय झालं सर? कार्ड उघडलं ना?"

"उघडलं," सर म्हणाले. "पण बघा ना काका. एकोण म्हणजे एक उणा. साठाला एक कमी. आपण पुढच्या घराकडे बघून मोजतो, अजून एक आला की पोचलो. किती सुंदर आहे ते. आणि माझ्याच पोरीच्या कानातून ते दोन महिन्यांत गेलं."

यावर सल्ला नाही असा हा पहिलाच विषय निघाला. काका नुसतं "हं" म्हणाले.

रविवारी दुपारी पुन्हा फोन आला. सर दचकलेच. हात धुवायला निघाले होते, पण फोन त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर होता.

"ओटीपी हवाय का?"

"नाही हो. इथे सगळं बंद आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाहीये. भात केलाय आणि बसलेय." मग ती म्हणाली, "पप्पा, एकोणतिसाचा पाढा घ्या ना माझा."

सरांनी घसा खाकरला. खुर्ची बाल्कनीत ओढली, जरा जास्तच ताठ बसले. "कर सुरू. इंग्रजी एक शब्द नको. जर्मन तर नकोच नको."

"एकोणतीस एके एकोणतीस," सायली म्हणाली. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक... सत्त्याऐंशी. चोक सोळोत्तरसे. पंचे पंचेचाळसे. सक..." ती अडखळली, पुटपुटली, "सक चौऱ्याहत्तरसे! साती... साती..."

उज्वलाबाई दारात येऊन थांबल्या, त्यांना सरांनी हातानं गप्प राहायला सांगितलं. फोनमधून तिच्या बोटांवर मोजण्याचा आवाज येतोय असं वाटत होतं, इतकी शांतता.

"दोनशे तीऽऽन!" खालच्या बाल्कनीतून आवाज आला.

सर उठून कठड्यावरून ओणवे झाले. "धोंडीराम काका! चालू परीक्षेत बाहेरून उत्तर सांगतात का? लाज नाही वाटत?"

"अहो पोर अडकली होती, सर!"

"अडकू द्या! मी आहे ना!" सर परत येऊन बसले. तिकडे सायली खो खो हसत होती. "हा पाढा धरला जाणार नाही," सर तिला म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

ती पुन्हा पहिल्यापासून लागली. मंगळवारपर्यंत तिकडे सगळं बंदच होतं, आणि सरांनाही कुठे जायचं नव्हतं.